कारखान्याच्या धुराचा आणि राखेचा पाठपुरावा गावाने कसा करावा

विदर्भात दगडी कोळसा आहे, म्हणून वीजकेंद्रे आहेत, आणि वीजकेंद्रे आहेत म्हणून राख आहे. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे केंद्र, तिरोड्याचे ३३०० मेगावॅटचे, मौद्याचे २३२० मेगावॅटचे, शिवाय कोराडी, खापरखेडा, पारस आणि नांदगावपेठ येथील केंद्रे ज्या देशी कोळशावर चालतात, त्यात साधारण एक तृतीयांश भाग राखेचाच असतो. त्याच्या जोडीला वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या) कोळसा खाणी, गडचांदूर परिसरातील सिमेंट कारखाने, घुग्घुस-ताडाळीकडील स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोहखनिजापासून लोखंड करणाऱ्या भट्ट्या आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या राइस मिल आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा सर्वाधिक प्रदूषित क्षेत्रांत चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होते.

या पट्ट्यातील गावे तक्रारी करीत नाहीत असे नाही. परंतु "आमच्या गावात फार प्रदूषण होत आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी" अशा निवेदनाला "पाहणी केली असता सर्व बाबी मर्यादेत आढळल्या" एवढेच उत्तर मिळते, आणि तेथे विषय संपतो. निवेदन देतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, फाइल मात्र उघडत नाही. याचे कारण असे की, प्रदूषण नियंत्रण मंडळ "प्रदूषण आहे का" हे तपासत नाही, तर कारखान्याला परवानगी देताना घातलेली अमुक अट मोडली का, हे तपासते. म्हणून गावाने आपल्या प्रत्येक नोंदीचा धागा त्या अटींशी जोडला पाहिजे. पुढील सर्व पायऱ्या याच एका कामासाठी आहेत.

उगम नक्की करणे

एका गावाभोवती खाण, वीजकेंद्र, कोळशाची सायडिंग (रेल्वेत कोळसा भरण्या-उतरवण्याची जागा) आणि दोन भट्ट्या असतील, तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यामुळे घरावर, पानावर आणि हौदावर जे पडते ते कोणाचे, हे आधी ठरवावे लागते. तुरीच्या पानावरची धूळ पांढऱ्या कापडाने पुसून बोटांच्या चिमटीत चोळून पाहावी. कोळशाची भुकटी काळी रेघ ओढते आणि कातडीच्या रेषांत बसते; राखड करड्या रंगाची, पिठासारखी बारीक असते आणि तिची रेघ काळी उमटत नाही; सिमेंटची धूळ दवाने भिजली की पानावर पापुद्रा धरते आणि तो नखाने खरवडावा लागतो. स्पंज आयर्नच्या भट्टीजवळील धुळीवर कागदाखालून चुंबक फिरवल्यास बराच भाग त्यामागे सरकतो. हा पुरावा नव्हे, कारण राखडीतही थोडे चुंबकीय कण असतात. पण कोणत्या कारखान्याचे कागद आधी मागवायचे, हे त्यावरून कळते.

येथे एक चूक सर्रास होते. वीजकेंद्रातील रुंद बुडाच्या, मध्ये निमुळत्या होत गेलेल्या मनोऱ्यांतून जे पांढरे लोट निघतात, ती पाण्याची वाफ असते. ते मनोरे पाणी थंड करण्यासाठी असतात. तक्रारीला त्यांचा फोटो जोडला की अधिकाऱ्याला पूर्ण तक्रारच बाजूला ठेवण्याचे निमित्त मिळते. धूर पाहायचा तो उंच, सरळ चिमणीचा. उलटपक्षी, चिमणीतून काहीच दिसत नसले तरी गंधकाचा वायू निघत असू शकतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही.

कागद मिळवणे

अशा प्रत्येक कारखान्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र असते. ते जल अधिनियम १९७४ आणि वायू अधिनियम १९८१ यांखाली दिले जाते, आणि मंडळाच्या संकेतस्थळावर अनेक संमतीपत्रे खुली आहेत. न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर करावा लागतो, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावता येतो, आणि उत्तर ३० दिवसांत मिळणे अपेक्षित असते. "प्रदूषणाबाबतची सर्व माहिती द्यावी" असे लिहू नये. त्याला उत्तर येत नाही, आणि आले तरी कामाचे नसते. संमतीपत्र, मंडळाचे मागील दोन वर्षांतील भेट अहवाल, चिमणीच्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल आणि दिलेल्या नोटिसा, असे नेमके कागद मागावेत. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीही घ्यावी लागते. तिच्या अटींचे पालन कसे झाले याचा सहामाही अहवाल कंपनीला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो, तर पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे सादर करावे लागते. हेही मागावेत.

संमतीपत्र इंग्रजीत असते आणि कंटाळवाणे असते, पण गावातील एखाद्या महाविद्यालयीन मुलाला वा मुलीला दोन संध्याकाळी बसवून ते समजून घ्यावे. सगळे वाचण्याची गरज नाही. चिमण्या किती व किती उंचीच्या, प्रत्येकीला धूळ रोखणारी कोणती यंत्रणा जोडली आहे, धुळीची मर्यादा घनमीटरला किती मिलिग्रॅम, घातक कचरा कोणता आणि वर्षाला किती, सांडपाणी बाहेर सोडण्यास परवानगी आहे की नाही, आणि अटी पाळल्या जाव्यात म्हणून कंपनीकडून बँक हमी किती रकमेची घेतली आहे, एवढे मुद्दे मराठीत वहीत उतरवावेत. औष्णिक वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने धुळीची मर्यादा संचाच्या (वीजनिर्मितीच्या युनिटच्या) वयानुसार ठरवली आहे: २००३ अखेरपर्यंत उभारलेल्या संचांना १००, त्यानंतर २०१६ अखेरपर्यंतच्या संचांना ५०, आणि २०१७ पासूनच्या संचांना ३० मिलिग्रॅम.

संमतीपत्रातील एक साधी अट मात्र सोन्यासारखी आहे. प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेला वेगळे वीजमीटर बसवावे आणि तिच्या वापराची नोंद ठेवावी, अशी ती अट मंडळ संमती देताना घालते. रात्री यंत्रणा बंद ठेवून वीज वाचवली जाते, ही तक्रार भट्ट्यांच्या प्रत्येक गावात ऐकू येते आणि ती सिद्ध करणे अवघड जाते. पण त्या मीटरच्या रोजच्या नोंदी मंडळाने तपासाव्यात अशी मागणी गावाने केली, आणि ज्या रात्री धूर दिसला त्या तारखा सोबत दिल्या, तर वाद "दिसला-दिसला नाही" यावरून उठून मीटरच्या आकड्यावर येतो.

नोंदवही

सर्वांत जास्त श्रम येथे लागतात आणि सर्वांत जास्त उपयोगही याचाच होतो. शंभर पानांची बांधीव वही घ्यावी, पाने क्रमांकित करावीत आणि पहिल्या पानावर ग्रामपंचायतीचा शिक्का घ्यावा. सुटे कागद चालत नाहीत, कारण ते मागाहून लिहिल्याचा आरोप सहज होतो. प्रत्येक नोंदीत तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, चिमणी कोणती, धुराचा रंग, वाऱ्याची दिशा, वास, राख वा धूळ कोठे पडली, फोटोचा क्रमांक आणि दोघांच्या सह्या असाव्यात. वाऱ्यासाठी छपरावर काठीला सुताची चिंधी बांधली तरी पुरते. नमुन्यादाखल एक नोंद अशी: "१२ जानेवारी. पहाटे ४.१० ते ५.३५. उत्तरेकडील दुसरी चिमणी. दाट काळा धूर. वारा उत्तरेकडून, मंद. शाळेच्या टाकीवर सकाळी करडा थर. फोटो ३१ ते ३४." यात भावनेचा एकही शब्द नाही. "भयंकर", "जीवघेणा" हे शब्द भाषणात वापरावेत, वहीत वापरू नयेत.

ज्या दिवशी काहीच दिसले नाही, त्या दिवशीही "धूर नाही" असे लिहावे. अशा नोंदींमुळेच बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूर वर न जाता गावात पसरतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटेची पाळी महत्त्वाची; मार्च ते मे या काळात राखेचे तळे (वीजकेंद्राची राख पाण्यात मिसळून जेथे सोडतात ते) वाळते आणि दुपारच्या वाऱ्याने राख उडते, म्हणून तेव्हा दुपारची.

फोटो नेहमी एकाच जागेवरून, एखादे देऊळ, पाण्याची टाकी किंवा झाड चौकटीत येईल असे काढावेत. मोबाइलमध्ये स्थानाची नोंद चालू ठेवावी आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावी, कारण व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोतून वेळ व ठिकाणाची मूळ माहिती निघून जाते.

किती धूळ पडते याचा अंदाज गावातच काढता येतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या तोंडाची, उभ्या बाजूंची बादली छपरावर ठेवावी, तिच्यात थोडे स्वच्छ पाणी असावे, पक्ष्यांसाठी वर मोठ्या छिद्रांची जाळी बांधावी आणि पाणी आटले की पुन्हा भरावे. बरोबर महिन्याने ते पाणी आधी वजन केलेल्या गाळण कागदातून गाळून, कागद वाळवून सोनाराच्या काट्यावर तोलावा. या आकाराच्या बादलीत ०.७ ग्रॅम धूळ निघाली, तर महिन्याला दर चौरस मीटरला साधारण १० ग्रॅम असा हिशेब होतो. एक बादली कारखान्याच्या बाजूला आणि दुसरी पाच-सहा किलोमीटर दूर, नातेवाइकांच्या गावात ठेवावी. दोन्हींतील फरक हा खरा आकडा आहे. पावसाळ्यात ही पद्धत निरुपयोगी ठरते. बाजारात मिळणारी हवा मोजण्याची छोटी यंत्रेही चालतात, पण धुक्यात ती फुगवून आकडा दाखवतात, हे ध्यानात ठेवावे. तुलनेसाठी, २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार चोवीस तासांची सरासरी पीएम-१० (हवेतील बारीक धूलिकण) साठी १०० आणि पीएम-२.५ (त्याहूनही बारीक कण) साठी ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर यापेक्षा जास्त नसावी.

सह्या कोणाच्या घ्यायच्या, याचाही विचार करावा लागतो. गावातील अनेक घरे त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला असतात, आणि तक्रारीवर सही केली म्हणून एखाद्याचा गेटपास बंद झाला तर गाव दुसऱ्याच दिवशी फुटते. सेवानिवृत्त शिक्षक, बचत गटातील महिला, शेतीवर अवलंबून असलेली घरे यांनी वही सांभाळावी. कामगारांना त्यातून मोकळे ठेवणे हा शहाणपणा आहे.

पाणी आणि माती

राखेच्या तळ्याचे पाणी जमिनीत मुरते तेव्हा विहिरीत क्षार आणि सल्फेट वाढलेले दिसू शकतात, आणि राखेत आर्सेनिक, बोरॉन यांसारखे घटक असतात. एकाच विहिरीचा नमुना काढून काही सिद्ध होत नाही. तळ्याच्या वरच्या अंगाची एक आणि उताराकडील दोन, अशा तीन विहिरी निवडून एकाच दिवशी, मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर नमुने काढावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते. ग्रामपंचायतीकडे असलेल्या तपासणी संचाने जड धातू कळत नाहीत. त्यांच्यासाठी प्रयोगशाळेतून आम्ल घातलेली वेगळी बाटली आणावी, साध्या बाटलीत धातू तळाला वा काचेला धरतात. चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत खडकामुळेच पाण्यात फ्लोराइड असते. ते कारखान्याच्या नावावर लिहिले, तर बाकीचे खरे आकडेही पडतात. वरच्या अंगाची विहीर त्यासाठीच हवी.

राखेच्या तळ्याचा बंधारा फुटण्याचा धोका वेगळा आहे. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळा येथील बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व नदीत गेले. पावसाळ्यापूर्वी बंधाऱ्याच्या बाहेरच्या उतारावर ओल, झिरप किंवा भेगा दिसल्यास ती तक्रार मंडळाबरोबरच तहसीलदार आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनाही त्याच दिवशी द्यावी.

राखडीबाबत आणखी एक. ठेकेदार गावात येतो आणि खोलगट शेत, जुनी बोडी (लहान तळे) किंवा पांदण रस्ता फुकटात भरून देतो म्हणतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीजकेंद्रांवर पूर्ण राख वापरण्याची सक्ती केली असून न वापरलेल्या राखेवर टनाला १००० रुपये पर्यावरण भरपाई लावली आहे, तेव्हा ही राख उचलली जाण्याची घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. भराव टाकायचा असल्यास मंडळाची परवानगी, त्यावर मातीचा थर आणि वाहनावर ताडपत्री यांची विचारणा लेखी करावी. बोडी किंवा नाला असेल तर नकारच द्यावा.

पिकाचे नुकसान

बोंड फुटल्यानंतर कापूस वेचणी होईपर्यंत पऱ्हाटीवर उघडा राहतो. खाणीच्या रस्त्यालगतच्या धुऱ्यावरची (बांधावरची) बोंडे हातात घेतली की पाकळीच्या बुडाशी काळी कड दिसते. वेचणी करणारीची बोटे काळी होतात, आणि व्यापारी तो माल वेगळ्या ढिगात टाकून भाव पाडतो. ही तूट कागदावर आणायची तर वेचणी सुरू असतानाच पंचनामा झाला पाहिजे. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) यांना गट क्रमांक, क्षेत्र, पिकाची अवस्था आणि तारीख लिहून अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. "प्रदूषणाच्या नुकसानीला शीर्षच नाही" असे उत्तर बहुधा मिळते, आणि ते खरेही आहे, कारण नैसर्गिक आपत्तीच्या मदतीत कारखान्याची धूळ बसत नाही. तरी पंचनामा मागायचा तो सरकारी मदतीसाठी नव्हे, तर पुढे कंपनीकडून भरपाई मागण्यासाठी. दोन किलोमीटर दूरच्या त्याच वाणाच्या शेतातील फोटो आणि दोन्हीकडच्या विक्रीच्या काटापट्ट्या जोडल्या, तर तो पक्का होतो.

तक्रार आणि तपासणी

ग्रामसभेचा ठराव आधी घ्यावा. त्यात संमतीपत्राचा क्रमांक, मोडलेल्या अटीचा क्रमांक आणि नोंदवहीतील तारखा असाव्यात. तक्रार मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला, प्रत प्रादेशिक अधिकारी व जिल्हाधिकाऱ्यांना, आणि तीही स्पीड पोस्टने किंवा पोच घेऊन. मागणी नेमकी करावी: अमुक चिमणीचा नमुना रात्री १२ ते ५ या वेळेत घ्यावा, अमुक मीटरच्या नोंदी तपासाव्यात. अधिकारी सकाळी अकरा वाजता येतात तेव्हा चिमणी स्वच्छ असते, हे कोणाला सांगायला नको.

ते येतील तेव्हा गावातील दोघांनी वही घेऊन हजर राहावे, वाद घालू नये आणि पाहणीचा अहवाल मागून घ्यावा. गावाने खाजगी प्रयोगशाळेत केलेली तपासणी दबाव आणण्यास उपयोगी पडते, परंतु कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीने मंडळाने स्वतः घेतलेल्या, मोहोरबंद नमुन्याला जे वजन आहे ते तिला नाही. रस्त्याकडेला रात्रीतून टाकलेली पिंपे किंवा रंगीत गाळ दिसला, तर हात लावू नये, झाकूही नये. फोटो काढून मंडळ व पोलिसांना कळवावे. घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेसोबत वाहतुकीचे विहित पत्र असावे लागते आणि विदर्भातील असा कचरा बुटीबोरीच्या सामायिक केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे, त्यामुळे तो कोठून निघाला हे शोधणे मंडळाला अशक्य नसते.

याच काळात गावाने आपल्या उकिरड्यावरील प्लास्टिक आणि धुऱ्यावरची पऱ्हाटी जाळणे थांबवावे. कंपनीचा वकील पहिला फोटो त्याचाच दाखवतो.

पुढची दारे

मंडळाकडून काही झाले नाही, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्यातील पश्चिम विभागीय पीठ आहे. पर्यावरणविषयक वादाचा अर्ज कारण प्रथम घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि भरपाईचा पाच वर्षांत करावा लागतो. पुरेशा कारणासाठी त्यापुढे ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. सहा महिने निवेदने देण्यात सहज निघून जातात, म्हणून पहिल्या तक्रारीच्या दिवशीच ही तारीख वहीच्या आतल्या पानावर लिहावी. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १००० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्जदार कोण असावे हे त्यानुसार ठरवावे. खाणपट्ट्यात पिण्याच्या पाण्याची व आरोग्याची कामे जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या (खाणबाधित भागासाठी असलेल्या) निधीतूनही मागता येतात. ती मागणी या लढ्यापासून वेगळी ठेवावी, नाहीतर पाण्याच्या टाकीच्या बदल्यात तक्रार मागे घेण्याचे बोलणे सुरू होते.

नवा प्रकल्प किंवा विस्तार येणार असेल, तर जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत येते आणि प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश पाहण्यास मिळतो. सुनावणीत घोषणा देण्यापेक्षा जुन्या संमतीपत्रातील कोणत्या अटी मोडल्या हे तारखांसह वाचून दाखवावे आणि लेखी प्रत देऊन ती इतिवृत्तात घ्यायला लावावी.

मंडळाने कंपनीला निर्देश दिले की गाव सुटकेचा निःश्वास टाकते आणि वही बंद होते, हे टाळावे. निर्देशात कामाची मुदत आणि बहुधा बँक हमी जप्त करण्याची तरतूद असते. निर्देशाची प्रत मागवावी, मुदतीची तारीख लिहून ठेवावी, नोंदी त्याच पद्धतीने चालू ठेवाव्यात, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निर्देशाचा क्रमांक घालून, त्या काळातील नोंदींच्या प्रती जोडून, हमी जप्त केली का आणि केली नसल्यास कोणत्या कारणाने, असे मंडळाला लेखी विचारावे.